पंधरावा अळणी शनिवार

माझी शाळा तिसरीपर्यंत. परवा शेतकीचा एक कोवळा साहेब गावात येऊन सांगत होता, खारवट जमिनीत तग धरणाऱ्या काही भाज्या असतात, अंगाला फार चांगल्या, पुढं हेच माणसांचं नवं अन्न होणार. मी मागं बसून हसत होतो. हे नवं अन्न मी बहात्तरच्या दुष्काळात खाल्लंय आणि त्यापायी घरच्या ओट्यावर खटलाही लढलोय.

नेवाशाकडं पाटाच्या खालच्या अंगाला आमचं दीड एकर रान. पाटाला पाणी आलं तसा मी उसाला पाजतच सुटलो. आई म्हणायची, बास कर. मी कशाला ऐकतोय. चार वर्षांत रानाला मीठ फुटलं. सकाळी बघावं तर वावर पांढरं, पीठ सांडल्यागत. चूक माझीच, पण मी ते कुणापुढं कबूल केलं नाही. शेवटी आई शनिदेवाला नवस बोलली : रानातलं मीठ जाऊ दे, मी सोळा शनिवार अळणी धरते. दिवसभर उपास आणि दिवस मावळताना बिनमिठाची भाकरी-भाजी. एक जरी मोडला तर पुन्हा एकपासून.

त्यात दुष्काळ पडला. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी, भाजीपाल्याचं नावच नको. सगळ्यांच्या तोंडाचे कोपरे चिरले, आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं. माझ्या त्या बदनाम तुकड्यात मात्र खोलगटाला ओल टिकून होती, आणि तिथं घोळीची रानभाजी माजली होती. जाड गुळगुळीत पानं, तांबूस देठ, भुईवर पसरलेली. बायको ती रोज शिजवू लागली. वाटीभर ताक मिळालं तर ताकात, नाहीतर नुसती. महिना भरायच्या आत तोंडं बरी झाली, आईच्या हिरड्यांचं रक्त थांबलं. मी गावभर छाती काढून फिरलो. ऊस काय, कोणीही पिकवतो.

मग आला पंधरावा शनिवार. पाण्याची एवढी मारामार, की भाजी उकडलेलं पाणी बायकोनं त्या दिवशी फेकलं नाही, त्यातच आटवलं. आईनं पहिला घास घेतला आणि थांबली.

"मीठ कुणी घातलं?"

"न्हाई घातलं, आत्याबाई."

"मंग माझी जीभ लबाड हाय व्हय?"

मी चाखली. चांगली खारट होती. एरवी भाजीत चिमूटभर मीठ पडायचंच आणि शनिवारी खारं पाणी फेकलं जायचं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तसाच रानात पळालो, मूठभर कच्ची घोळ आणून आईपुढं चावली.

"आई, ह्यो पालाच मीठ पितोय. ह्ये घरातलं मीठ न्हाई, रानातलं हाय."

"म्हंजी तूच घातलंस," आई म्हणाली.

तोवर शेजारपाजार गोळा झाला. गुरुजींना बोलावणं गेलं, कारण पोथी त्यांच्याकडं. गुरुजींनी चमचाभर भाजी खाल्ली, डोळे मिटले, पुन्हा चमचाभर खाल्ली.

"वरून घातलेलं मीठ व्रत मोडतं. उगवलेलं मोडत नाही."

"गुरुजी, जिभेला कळलं ते पोथीला कसं कळंना?" आईनं विचारलं.

"मंग समुद्राकडच्या बायांनी उपास धरूच न्हाई का?" शेजारची म्हातारी म्हणाली. तिनंही चाखली. मग ज्याला त्याला चाखल्याशिवाय मत देता येईना. पातेलं खरडून पुराव्याचा फडशा पडला, तरी निकाल लागेना. मला एकीकडं हसू आवरत नव्हतं आणि एकीकडं आईकडं बघवत नव्हतं. आईची नुसती हाडं राहिली होती. आणखी सोळा शनिवार तिला झेपले नसते.

मी म्हणालो, "रानातलं मीठ जावं म्हणूनच धरलंस ना? तुज्या घासाबरोबर थोडं गेलंच की."

"मला रान चाटून साफ कराय लावतो का?" आई म्हणाली. "खालच्या बांधाला चर खण, पाण्याला वाट दे. आन मीठ कुणापायी फुटलं ते ह्या समद्यांम्होरं सांग. मंग मी पंधरा भरले म्हनते."

ओट्यावर वीसेक माणसं. मी खांबाकडं बघत पुटपुटलो, "माझ्यापायी."

"गुरुजींना ऐकू न्हाई आलं."

"माझ्यापायी फुटलं. पाणी लई दिलं मी."

ओटा असा हसला की चिमणीची ज्योत हलली. गुरुजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. आणि मीही हसलो. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन का हिंडत होतो, तेच मला कळेना.

आईनं भाकरी पुढं ओढली. पातेल्यात काहीच उरलं नव्हतं, मग नुसतीच पाण्यात बुडवून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कुदळ घेऊन बांधावर गेलो. आई तिथं माझ्या आधीच बसली होती, रविवारच्या भाजीला घोळ खुडत. दर थोड्या वेळानं मान वर करायची आणि म्हणायची, "आनखी खोल."