धुऱ्यावरचा बिंदू

इरफान मंगळवारी गेला. सकाळी अकोल्याहून त्याच्या बहिणीचा, शबानाचा, फोन आला. मी अमरावतीत होतो. बडनेऱ्याहून गाडी धरली आणि मातीला पोचलो.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मला नीट सांगता येणार नाही.

इरफान आणि मी इंजिनीअरिंगला एका बाकावर होतो. नंतर मी अमरावतीत शिकवायला लागलो, तो अकोल्याला परतून सॉफ्टवेअरची कामं घ्यायला लागला. संध्याकाळी आम्ही दोघं मिळून भूमितीची एक लायब्ररी लिहायचो — कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट वापरावा असा तयार कोड. तिच्या मुळाशी एक करार होता. इंटरफेस म्हणतात त्याला, आम्ही करारच म्हणायचो. आकार कुठलाही असो — वर्तुळ, चौकोन, शेताचा वेडावाकडा तुकडा — त्याला तेच चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. तुझं क्षेत्रफळ किती? हा बिंदू तुझ्या आत आहे का? त्या दुसऱ्या आकाराला तू छेदतोस का? त्याच्यापासून किती लांब आहेस? उत्तर कसं काढायचं, ते ज्या त्या आकारानं पाहावं. करार मी लिहिला होता. त्याच्या डोक्यावर एकट्या माझं नाव होतं, आणि ते मला आवडायचं — हेही सांगून टाकतो.

त्याच सुमारास एका लग्नात कुणीतरी म्हणालं, इरफान पुण्याच्या एका कंपनीशी नोकरीचं बोलतो आहे. मी त्याला विचारलं नाही. का नाही विचारलं? विचारलं असतं तर संशय संपला असता, आणि मला तो संपायला नको होता की काय, कोण जाणे. त्यानंतर त्याच्या प्रत्येक वाक्यात मी दुसरं वाक्य शोधू लागलो. ही सुधारणा का सुचवतो आहे? आताच का? लायब्ररी घेऊन जायचा विचार आहे का?

अशातच त्यानं विचारलं, बिंदू बरोबर सीमेवर असला तर तो आत की बाहेर? माझं वर्तुळ त्याला आत धरायचं, त्याचे बहुभुज, म्हणजे शेतासारखे अनेक बाजूंचे आकार, बाहेर. करार गप्प होता. त्यानं दोन पानं लिहून पाठवली. उत्तरं दोन नकोत, तीन हवीत, असं त्याचं म्हणणं — आत, बाहेर, काठावर. मग फोनवर हसून म्हणाला, “काहून बे, धुऱ्यावरच्या बोरीची बोरं तू एकटाच खाशीन काय? दोघायची असतात ते.” धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध.

बरोबर होतं त्याचं. पहिलं पान वाचतानाच मला ते कळलं. आणि मी लिहिलं — गरज नाही. कारण ती तीन उत्तरं करारात गेली असती, तर डोक्यावर त्याचंही नाव आलं असतं.

पण कबूल करायचं आहे ते हे नव्हे.

अकोल्यातला एक खाजगी मोजणीवाला आमची लायब्ररी वापरत होता. इरफाननंच ती त्याला दिली होती, आणि इरफानचं घर त्या मोजणीवाल्याच्या कामांवरच चालायचं. दोन भावांच्या वाटणीत एक विहीर धुऱ्यावर होती, पाण्याची पाळी दोघांची. प्रोग्रॅमनं दोन्ही तुकड्यांना विचारलं, विहीर तुझ्यात आहे का? दोघांनीही नाही म्हटलं. नकाशा छापून आला तेव्हा विहीर कुणाचीच नव्हती. भाऊ भांडले, मोजणीवाल्याची नाचक्की झाली. त्यानं मला मेल केला — चूक कराराची की बहुभुजांची?

उत्तर देण्याआधी मी करारात एक ओळ घातली. सीमेवरचा बिंदू आत धरावा. तारीख तीन वर्षं मागची टाकली. करता येतं ते, लायब्ररीची किल्ली माझ्याकडेच होती. मग मेल लिहिला — करारात हे पहिल्यापासून स्पष्ट आहे, अंमलबजावणी चुकली.

इरफानचं काम गेलं. त्यानं मला याबद्दल एकदाच फोन केला. मी तेच सांगितलं. तो म्हणाला, “तू म्हणून राहिला त असंल, भाऊ.”

बस. लायब्ररीत त्यानं परत एक अक्षर लिहिलं नाही. शाळेच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायला लागला. पुण्याला तो कधी गेलाच नाही — ते बोलणं त्याच्या मावसभावाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ईदला आमचे फोन व्हायचे. तो थांबला की मी ते थांबणं तपासायचो. याला ठाऊक आहे? मग बोलत का नाही? गप्प राहून मला काय दाखवतो आहे? म्हणजे फसवलं मी, आणि संशयही मीच घेत राहिलो. त्याच्यावरच.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी शबानानं त्याचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. “दादा, यातलं काय ठेवायचं ते तुमीच पाहा. भाईचं काम तुमालेच समजते.” मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हिला सांगितलं असेल का त्यानं? तिनं पाण्याचा पेला ठेवला आणि आत गेली.

लायब्ररीची एक जुनी प्रत त्यात होती. ती ओळ नसलेली. वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवलेली, काम गेल्यावर त्यानं मला केलेल्या त्या फोनच्या आदल्या दिवशी. म्हणजे फोन करताना त्याला सगळं माहीत होतं. मी खरं सांगतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

माझं बोट ती प्रत पुसायच्या बटणापर्यंत गेलं. तेही लिहून ठेवतो.

पुसली नाही. शबानाला म्हटलं, सगळं राहू दे.

ती प्रत अकोल्यात त्या लॅपटॉपवर आहे. लायब्ररीत माझी ओळ आहे, तिच्यापुढे खोटी तारीख आणि माझं नाव.