भिंतीला टेकवलेली सायकल

आमच्या लोखंडाच्या ओतशाळेत एक रीत होती. भट्टीमागच्या भिंतीला जे टेकलं, ते भट्टीचं. विचारायचं नाही, वितळवायचं. ही रीत घालून दिली होती खुद्द आचाऱ्याने. आचारी म्हणजे आमचा भट्टीवाला. भंगार असं टाकायचा, जणू चवीपुरतं मीठ घालतोय, म्हणून हे नाव. तोंडाने फटकळ. मी युनियनचा पुढारी; फाटकावर भाषण ठोकून आत आलो की म्हणायचा, "काय पुढारी, आज किती वाफ सोडली? इकडे सोडा, कोळसा वाचेल."

त्याची मुलगी मात्र त्याला पुरून उरायची. कॉलेजात होती, ताऱ्यांचं वेड. सायकलवरून बापाचा डबा घेऊन यायची आणि भट्टीकडे बघत डिवचायची, "बाबा, तुमचा धंदा उसना आहे. मोठा तारा जन्मभर पोटात शिजवत राहतो. शेवटी लोखंड साचलं की त्याची चूल विझते आणि तो फुटतो. सगळं उधळतं, आसपासच्या वायूत मिसळतं. त्यातूनच नवे तारे होतात. आपल्या रक्तातलं लोखंडही तिथलंच."

"म्हणजे तारासुद्धा मेला की भंगारात?"

"हो. पण पुढच्याची शिदोरी वाढते ना!"

"बघा पुढारी, आमची पोर आभाळातही भंगारवाला शोधते!"

पोर तापाने गेली. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत उशीर झाला. त्यावर मी तिथे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. आचारी तिची सायकल तेवढी वापरू लागला. गुडघे हँडलला लागायचे, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एका सकाळी चाक पंक्चर झालं. ढकलत येईस्तोवर भोंगा वाजून गेलेला. घाईत समोर भट्टीमागची भिंत दिसली, तिथे टेकवली आणि आत धावला. भट्टीत माल भरणाऱ्या भरणीवाल्याने रीतीप्रमाणे टायर काढले, सीट काढली, बाकीची भट्टीत टाकली.

दुपारी घाम पुसत मागे आलेल्या आचाऱ्याला जमिनीवर सीट दिसली. काळी, तिने लाल दोऱ्याने शिवलेली. तोवर रस साच्यांत ओतून झाला होता. त्याच्याच हाताने.

भरणीवाला रडू लागला. "दादा, मला मारा."

"तुला कशाला? टेकवली मी. रीतही माझीच."

त्या दिवशी गटाराची झाकणं ओतली होती. ती रवाना झाल्यावर आचारी माझ्याकडे आला. "पुढारी, तुमची जीभ चालते. ती झाकणं कुठल्या गल्लीत बसवली, तेवढं काढून द्या. एकदा हात लावून येतो."

मी पालिकेच्या गोदामात जाऊन टेबल बडवलं. गोदामवाला शांतपणे म्हणाला, "ओरडून काय होणार, भाऊ? सगळ्या ओतशाळांची झाकणं इथे एकत्र होतात, लागतील तिथे जातात. कुठलं कुठे गेलं, कोण सांगणार?"

पहिल्यांदाच मला भांडायला कुणी उरलं नाही. आचाऱ्याला तिच्याच शब्दांत सांगून पाहिलं, "दादा, सगळ्या गावात मिसळली ती. पुढचं त्यातूनच होतं, असं म्हणायची ना?"

तो सीटवरच्या लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला. "होत असेल. पण नवा तारा जुन्याला ओळखतो का, हे विचारायचं राहिलं."

आता तो चालत कामावर येतो. वाटेत गटाराचं झाकण आलं की वळसा घालतो. परवा गर्दीत एकाने त्याला ढकललं, "ओ, सरळ चाला की!" मी त्याच्या अंगावर धावणार, तेवढ्यात आचाऱ्याने माझा दंड धरला.

"पुढारी, पाय," तो म्हणाला. मी झाकणावर उभा होतो.