कमरेइतका मुनगा

दुर्ग शहराजवळच्या बोरसीतल्या आमच्या वसाहतीतले बहुतेक घरमालक कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. नोकरीभर ते क्वार्टरमध्ये राहिले. तिथे भिंतीचा रंग, कुंपणाची उंची, अंगणातले झाड हे सारे दुसरे कोणी ठरवीत असे. पुढे स्वतःची जमीन हाती आली, तेव्हा या गृहस्थांनी पहिले काम कोणते केले? आपल्याला मनाई करणारी एक समिती नेमली. मी आयुष्यभर वर्गात शिकवले. शिक्षा मागून घेणारे विद्यार्थी मात्र इथेच पाहिले.

समितीचे नियम असे: पुढच्या अंगणात हिरवळच हवी. कुंपणालगतचे काहीही कमरेहून उंच नको. खोडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले असावेत. पट्टे कशासाठी, असे मी अध्यक्षांना विचारले. हे माजी फोरमन.

"साहेब राउंडला आले की बरं दिसते, मॅडम."

"कोणते साहेब?"

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. "तशी पद्धतच आहे," ते म्हणाले.

हिरवळीविषयीही थोडे सांगायला हवे. दुर्गच्या उन्हाळ्यात ती जगवायची तर सकाळ-संध्याकाळ पाणी लागते, आणि एवढे करून ती सावली देत नाही, भाजीही देत नाही. आमच्या गल्लीत मे महिन्यात टँकर येई, आणि निम्मे पाणी हे लोक गवताला पाजत. उरलेल्यात आंघोळी.

आमच्या फाटकाशी मात्र आईचा मुनगा होता. पुणेकर त्याला शेवगा म्हणतात. क्वार्टर सोडताना लावलेली झाडे तशीच सोडून जायची असतात. आईने मागच्या अंगणातल्या मुनग्याची एक फांदी कापली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि सामानाच्या ट्रकमध्ये मांडीवर धरून आणली. वडील त्या क्वार्टरमध्येच वारले होते. तिथून तिने आठवण म्हणून दुसरे काही आणले नाही.

मे महिन्यात तपासणीला समिती आली. अध्यक्षांच्या हातात मोजपट्टी होती.

"काकू, हे झाड तोडा लागते. नियमात बसत नाही," ते आईला म्हणाले.

"कावून बसत नाही? तुमच्या घरी दर रविवारी शेंगा कोणाच्या शिजतेत, भाऊ?"

"तो विषय वेगळा आहे."

"विषय वेगळा, शेंगा त्याच!"

बाकीचे सदस्य चपलांकडे पाहू लागले. त्यांच्याही घरी त्याच शेंगा जात होत्या. अध्यक्षांनी आठ दिवसांची मुदत दिली. आई आत आली आणि जेवायला बसलीच नाही. "आता हेही सोडून जाऊ का?" एवढेच म्हणाली.

मी नियम पुन्हा वाचला. त्यात झाड नको असे कुठेही नव्हते. कमरेहून उंच नको, एवढेच होते. आता मुनग्याचा स्वभाव पाहा. त्याचे लाकूड ठिसूळ. शेंगा संपल्या की तो पावसापूर्वी कमरेएवढा छाटायचाच असतो. न छाटल्यास वादळात फांद्या मोडतात. छाटल्यास कापलेल्या जागेभोवती नवे धुमारे फुटतात. म्हणजे समितीने नकळत योग्य महिन्यात योग्य छाटणी सांगितली होती.

आईला हे पटवताना दुपार गेली. मग तिने स्वतः कोयता आणून दिला. छाटलेल्या जाड फांद्याही आम्ही कुंपणालगत ओळीने रोवल्या आणि, आईच्या आग्रहावरून, प्रत्येक खुंटाला गेरू-चुन्याचे पट्टे मारले.

आठवड्याने अध्यक्षांनी सारी रांग मोजली. "वा! आता कसं शिस्तीत दिसते," ते म्हणाले, आणि आमचे अंगण पास झाले. या मंडळींचा एक गुण मान्य करायला हवा: एकदा पास झालेली वस्तू पुढच्या तपासणीपर्यंत पासच असते. मग ती छपरापर्यंत गेली तरी मान वर करून पाहण्याची पद्धत नाही.

फाल्गुनात सगळ्या रांगेला शेंगा लोंबू लागल्या. पलीकडच्या अंगणांतली हिरवळ तोवर पिवळी पडली होती. एका रविवारी अध्यक्षांच्या घरून पिशवी घेऊन त्यांची सून आली. आईने तिला पाणी दिले, बसवले, मुलांची चौकशी केली. पिशवी मात्र रिकामीच परत दिली.

"सासऱ्याले सांग माय," आई म्हणाली, "लॉन उकडून खा म्हणा. नियमात बसते."