आमचे केनियाचे पाव्हणे

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. पाव्हण्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो.

भेटेल त्या मेंढीची खालची पापणी पाव्हणे अंगठ्याने ओढून बघत. आतून फिकी दिसली तरच जंताचं औषध. लाल असली तर सोडून देत. "समद्यांना पाजून औशिदाचा गुण जातुय," म्हणत. केनियातल्या एका संस्थेने त्यांना सांगोल्याकडच्या धनगरांत कामाला पाठवलं होतं. मराठी तिथलीच शिकले. आमच्या गावात, शुक्रवार पेठेत, आमच्या वरच्या खोलीत सहा वर्षं राहिले, तरी गल्लीला ते पाव्हणेच.

"घरदार सोडून मेंढरांचे डोळे बघायला कोण येतंय हो?" शेजारी विचारायचे. "काही मागत नाही, म्हणजे काहीतरी आहे." मलाही तसंच वाटे. ते नसताना एकदा मी त्यांची खोली उघडून पाहिली. दोन सदरे, औषधाच्या बाटल्या आणि आईचा फोटो. तरी संशय गेला नाही.

एकदा सुगीनंतर बिरा धनगराची मेंढरं खतासाठी माझ्या रानात बसवली होती. सकाळी पाव्हण्यांनी काहींना औषध पाजलं. दुपारी बिरा भाकरी खात होता, तेव्हा मी कुंपणाची काटेरी फांदी बाजूला सारली. पलीकडच्या तुकड्यातही लेंड्या पडाव्यात, एवढाच लोभ. तिथे कापलेल्या ज्वारीला कोवळे फुटवे आले होते. ते विषारी, हे मला लहानपणापासून ठाऊक. लक्षात येताच मेंढ्या हाकलल्या, फांदी परत लावली. तासाभरात चार मेंढ्या तडफडून मेल्या. त्यांतल्या दोघींना सकाळी औषध मिळालं होतं.

"अण्णा, तुमी हितंच हुता की. काय खाल्लं का ह्येंनी?" बिराने विचारलं.

"मी नाही पाहिलं."

"मग औशिदच."

पाव्हण्यांनी एका मेंढीचं तोंड उघडून आत पाहिलं. मग कुंपणाकडे. मग माझ्याकडे. मग औषधाच्या बाटल्या पिशवीत भरल्या.

पुढे कुणी त्यांना मेंढीला हात लावू देईना. संस्थेने परत बोलावलं. स्टेशनवर पोचवायला मीच गेलो. शब्द ठरवून गेलो होतो.

"पाव्हणं, त्या दिवशी..."

"अण्णा, बिराला मेंढरं घिऊन द्या," ते म्हणाले. "तुमीच द्या."

मी दिली. बिरा अजून चारचौघांत सांगतो, "पाव्हण्यानं मारली, अण्णानं दिली." मी ऐकून घेतो.

दर दिवाळीला पाव्हण्यांचा फोन येतो. "अण्णा, बरं हाय नव्हं?" विचारतात, आणि मग थांबतात. तेवढ्यात मी फोन बायकोच्या हातात देतो.