भुऱ्याला मी शिकवलेली शेवटची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मुलाला नाही, सकाळी सोबत फिरणाऱ्या मित्रांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं — तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जीभ थोडी सैल होते आहे.

जळगावच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं पीटी शिकवली. माझी शिट्टी वाजली की सगळं मैदान गप्प. निवृत्त झालो तेव्हा बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा धुळ्याला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात माझं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. मग पाचोऱ्याच्या मित्राच्या शेतावरून एक भुरकं पिल्लू आणलं. भुऱ्या. त्यालाही मी माझ्या पद्धतीनंच शिकवलं — ऐकलं नाही तर फटका, ऐकलं तर काहीच नाही. ऐकायचंच असतं, त्यात कौतुक कसलं? भुऱ्या शिकला. शिट्टी वाजली की यायचा — पण पोट जमिनीला घासत, शेपूट आत घालून. मला तो आदर वाटायचा. खरंच वाटायचा.

मग मुलाचं लग्न झालं. सून अर्चना, फैजपूरची. तिला इथल्याच एका लॅबमध्ये काम मिळालं, म्हणून ती माझ्याकडे राहिली. येताना माहेरची सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, घेऊन आली होती. त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ती ओढणीच्या गाठीत ठेवायची. भुऱ्या बोलावल्यावर आला की एक तुकडा, वर मानेखाली खाजवणं. ती त्याला भुरू म्हणायची. ‘भुरू, इकडे!’

नुसते लाड होते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं. भुऱ्या अंगावर उड्या मारायला लागला की ती पाठ फिरवून उभी राहायची, त्याचे चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत ढुंकून बघायची नाही. एकदा त्यानं तिची नवी चप्पल कुरतडली. तिनं चप्पल काढून घेतली आणि संध्याकाळभर त्याच्याशी खेळली नाही. बस, एवढंच. परत त्यानं कशाला तोंड लावलं नाही. मला जे छडीनं वर्षभरात जमलं नव्हतं, ते तिला महिन्याभरात जमलं होतं.

शेजारच्या अक्का कुंपणावरून हसून म्हणाल्या, “नाना, तुमनं कुत्रं आते सूनबाईनंच ऐकस!” मीही हसलो. आत काय झालं, ते कसं सांगू?

एका रविवारी मुलाला गंमत सुचली. अंगणाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अर्चना, मध्ये भुऱ्या. मी शिट्टी वाजवली, तिनं हाक मारली. तो माझ्याकडे बघितल्यासारखं करून तिच्याकडे धावत सुटला. मुलानं टाळ्या वाजवल्या. अर्चना मात्र ओशाळली. जवळ येऊन माझ्या हातावर सुकेळीचा तुकडा ठेवत म्हणाली, “नाना, तुम्ही पण एकदा देऊन बघा ना.” ती आत गेल्यावर मी तो तुकडा कुंडीत टाकला.

मत्सर. दुसरा शब्द नाही. साठी ओलांडलेला माणूस, सुनेचा मत्सर — आणि तोही एका कुत्र्यावरून!

दुसऱ्या दिवसापासून, ती कामावर गेली की मी फाटक लावून घ्यायचो. आणि तिच्यासारखा आवाज काढून म्हणायचो, ‘भुरू, इकडे!’ तो शेपूट हलवत यायचा. आला की मी छडी मारायचो. परत हाक, परत छडी. आठ-दहा दिवस, रोज. एकदा तो मार खाऊन कोपऱ्यात गेला, आणि तरीही हाकेसरशी पुन्हा उठून आला — तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं ना? नाही थांबलो. शेवटी ‘भुरू’ म्हटलं की तो पलंगाखाली शिरायला लागला. अर्चना काळजीनं विचारायची, “नाना, ह्याला बरं नाही का? माझ्याकडे येतच नाही.” मी म्हणायचो, “ऊन वाढलंय.” मला तेव्हा बरं वाटायचं. हेही सांगायला हवं.

मग एका सकाळी गॅसची टाकी देऊन गेलेल्या माणसानं फाटक उघडं टाकलं. भुऱ्या रस्त्यावर गेला. अर्चना फाटकात धावली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, “भुरू, इकडे! भुरू!” तो थांबला होता हो. रस्त्याच्या कडेला, सुखरूप. तिची हाक ऐकली, कान पाडले — आणि तिच्यापासून दूर, उलट्या बाजूला पळाला. केळीचा ट्रक येत होता.

शिट्टी माझ्या गळ्यातच होती. मी ती वाजवली नाही. सुचलं नाही, की वाचला तर तो पुन्हा तिचाच होईल म्हणून वाजवली नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

ती त्याला मांडीवर घेऊन रस्त्यावरच बसली होती. म्हणाली, “नाना, माझंच चुकलं. मी लाडावलं त्याला. तुमचं ऐकायला हवं होतं.”

आणि मी म्हणालो, “लाडानं असंच होतं.”

या गोष्टीला सहा वर्षं झाली. अर्चनाची मुलगी आता चार वर्षांची आहे. परवा तिनं दुधाचा पेला सांडला. अर्चनानं तिला फाडकन चापट मारली. मारल्यावर अर्चनाच गोंधळली, आणि तिनं विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. बरोबर केलंस, अशी.