एक जूनचे रुग्ण

ती तक्रार आठवली की आजही माझं डोकं फिरतं. चोरी-मारामारीच्या प्रकरणात निदान कोण खोटं बोलतंय ते हुडकायचं असतं. इथे कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि तरी एक निरपराध माणूस माझ्या हातून गजाआड जायच्या बेतात होता.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एक निवृत्त मुख्याध्यापक अर्ज घेऊन आले. प्रकाशा गावाच्या अलीकडे ते एक धर्मादाय दवाखाना चालवत. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांना तिथून महिन्याच्या गोळ्या मिळत. गुरुजींचं म्हणणं असं, की संगणकातून रुग्णांची नावं गायब झाली आहेत, आणि ती डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाने सुडाने उडवली आहेत. पंधरा दिवसांपूर्वी दोघांचं भांडण झालं होतं. मंगळवारी नावं पुसली गेल्याची नोंदही संगणकात त्याच्याच नावाने होती.

पुरावा हातात, हेतू हातात. मला वाटलं, दुपारपर्यंत प्रकरण उरकेल. तरी ठाणे अंमलदाराला मी बजावलं, "गुन्हा आत्ताच दाखल करू नकोस. मी जाऊन बघतो."

दवाखान्याच्या दारात बायाबापड्यांची गर्दी होती. यादीत नाव नाही म्हणून गोळ्या नाहीत. धडगावकडून आलेल्या एका बाईने माझ्या हातात कार्डच कोंबलं. "साहेब, तू बघ ना. पोरगी घरी कण्हते. हाडं दुखतात तिची. कार्ड आहे, मग नाव कुठे गेलं?"

मी सरळ त्या डेटाबेसवाल्या माणसाला पुढ्यात बसवलं. चाळिशीचा, शहाद्याकडचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"काम काय तुझं?"

"माहिती सांभाळणं."

"मग सांभाळलेली माहिती गेली कुठे?"

"साहेब, मी पुसली नाही."

"मग तुझ्या नावाची नोंद माझ्या आजोबांनी केली?"

इतका वेळ तो ऑफिसातलं मराठी बोलत होता. आता बांध फुटून तो घरच्या अहिराणीवर आला. "सायेब, मन्हा पासवर्ड सर्वासले माहीत शे! तीन वरीसपासून सांगी ऱ्हायनू, प्रत्येकले येगळा द्या. कोनी आयकत नही!"

मग त्याने गाऱ्हाणंच मांडलं. प्रिंटर अडला, बोलवा त्याला. पंखा फिरत नाही, बोलवा त्यालाच. मात्र त्याच्या मुख्य कामाचं कोणी ऐकायचं नाही. रोज संध्याकाळी तो सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवायचा. ती नक्कल वेळेला परत उघडते की नाही हे तपासायला एक जादा संगणक हवा, म्हणून त्याने तीनदा लेखी मागणी केली. भांडण झालं ते त्यावरूनच. "सगळं नीट चाललंय, मग तपासायचं कशाला?" असं गुरुजींनी सुनावलं होतं.

"अटक झाली तर दुसरी नोकरी विसरायची," तो म्हणाला. "या धंद्यात एकदा नाव गेलं की लोक आपली माहिती हाती देत नाहीत."

मला दया आली नाही, वैताग आला. असं रडगाणं प्रत्येक आरोपी गातो. जबाब लिहायला कागद पुढे ओढला, तर खाली त्या बाईचं कार्ड. जन्मतारीख एक जून. मी बाहेर जाऊन आणखी कार्डं गोळा केली. एक जून. एक जून. पुन्हा एक जून.

मी स्वतः एक जूनचा! जन्म आठवत नसला की शाळेत घालताना मास्तर हीच तारीख टाकत. माझी आई सांगायची, तू दिवाळीनंतर, कापूस वेचणीत झालास.

"गुरुजी," मी म्हटलं, "सूड घेणारा माणूस सगळीच नावं उडवेल. नेमके एक जूनवाले कशाला निवडेल?"

त्या माणसाने खाडकन मान वर केली. "दुबार नावं कोणी काढली?"

गुरुजी बिचकले. "मीच काढली, मंगळवारी. देणगीदारांनी बोगस नावांची हरकत घेतली होती. नाव, गाव, जन्मतारीख तिन्ही सारखं असेल तिथे एक ठेवून बाकीची काढली. दुबारच होती ना ती?"

"पासवर्ड कुणाचा?" मी विचारलं.

गुरुजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. त्या माणसाचा पासवर्ड तिथल्या कॅलेंडरवर लिहिलेला होता.

मी कपाळावर हात मारला. अहो, सातपुड्यातल्या एकेका गावात एकाच नाव-आडनावाच्या तिघी-चौघी सापडतात. त्यात शाळेत एकत्र घातलेल्यांची जन्मतारीख वर्षासकट एकच.

गुरुजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तिकडच्या शाळांमध्ये तीस वर्षं होतो मी," ते पुटपुटले. "ही तारीख मीच लिहीत आलो."

आता सगळी भिस्त कधीच न तपासलेल्या त्या नकलेवर होती. सोमवारची नक्कल उघडलीच नाही, आणि माझ्या तोंडून शिवी गेली. तो शांतपणे त्याच्याही आदल्या दिवसाच्या नकलेकडे वळला. चार वाजता नावं पडद्यावर आली. त्या बाईने गोळ्या पदराला बांधल्या आणि तडक बसच्या रस्त्याला लागली.

गुरुजींनी अर्ज मागे घेतला. जबाबावर सही घ्यायला मी त्या माणसाला ठाण्यात आणलं, तर पडद्यावर गुन्हा दाखल झालेला! आरोपी म्हणून त्याचं नाव. वेळ दुपारी दोन. दाखल करणारा अधिकारी मी. दोन वाजता मी त्याच्याच समोर बसलो होतो.

मी अंमलदारावर कडाडलो. तो चाचरत म्हणाला, "साहेब, मला वाटलं, उशीर झाला तर तुम्हीच रागवाल. आणि तुमचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली असतोच की. आम्ही सगळे तोच वापरतो."

तो माणूस दारात उभा राहून ऐकत होता. टेबलाजवळ येऊन त्याने काचेखालची चिठ्ठी वाचली.

ते नाव काढून टाकायला मला न्यायालयापर्यंत कागद फिरवावे लागले, आणि त्यात कित्येक महिने गेले. नोंदीतलं नाव म्हणजे माणूस नव्हे, हे इतकी वर्षं चौकशा करणाऱ्या मला त्या दिवशी समजलं. ती चिठ्ठी मी तेव्हाच त्याच्यासमोर फाडली. नवा पासवर्ड त्यानेच घालायला शिकवला, आणि मी तो टाइप करत असताना स्वतःहून पाठ फिरवून उभा राहिला.