बिनदेवाचं घर

रूपलीबाईचं घर चैत्रात जळालं. खांडबाऱ्याहून आमच्या पाड्याकडे वाट येते ना, तिच्या पार टोकाला होतं ते. भर दुपार, वारा सुटलेला, चुलीतली ठिणगी उडाली नि कुडाला टेकवलेल्या चाऱ्यात पडली. झालं. लोकं हंडे घेऊन धावली तोवर कौलं फुटायला लागली होती, तडतड तडतड, जशा मक्याच्या लाह्या. रूपलीबाई शेळ्या घेऊन नाल्यावर गेलेली. आली, उभी राहिली, नुसती बघत राहिली. रडली नाही. बायकांनी सावरायला हात पुढे केले तर म्हणाली, "मला काय झालंय गं? शेळ्यांना धरा, बिथरल्यात त्या."

तेव्हापासून बाई तशीच. खायची, बोलायची, शेण काढायची, पण हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. रात्री ताडपत्रीखाली झोपायची, सकाळी उठून ताडपत्री झटकायची. विचारलं, बरं वाटतंय का, तर म्हणायची, "हां." वाईट वाटतंय का, तरी "हां."

नवरा आमशा जाऊन सात वर्षं झालेली. एकच मुलगा उमाकांत, तो नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर. सून सीमा घरी. आणि या घराची गंमत अशी की घर एक, देव दोन. सीमाचं लग्नानंतर पोट दुखायचं. दवाखाना केला, भगत केला, उतार पडेना. मग कोणी तिला ख्रिस्ती प्रार्थनेला नेलं नि तिला बरं वाटलं. कशानं वाटलं ते तिचं तिला ठाऊक. तेव्हापासून ती आणि उमाकांत रविवारी प्रार्थनेला जायचे. रूपलीबाई आपल्या जुन्या देवांचीच. पण सासूसुनेत कधी तंटा नाही. सीमा डोळे मिटून बसली की सासू भाकरी उलटायची. सासू वाघदेवाला निघाली की सून शेळ्या सोडायची.

पाड्यात मात्र असं नव्हतं. निम्मी घरं प्रार्थनेची, निम्मी जुन्या देवांची, नि मधे बोलणंसुद्धा मोजून मापून.

आता घर उभं करायचं म्हणजे लाह बोलवायची. लाह म्हणजे काय, ज्याचं काम त्यानं सांगावा धाडायचा, सगळ्या घरांतून एक एक माणूस कुऱ्हाड, पहार घेऊन येतो. मजुरी नाही. घरवाल्यानं पोटभर जेवू घालायचं, आणि उद्या दुसऱ्याची लाह आली की आपण जायचं. आमच्या आजा-पणजांची घरं अशीच उभी राहिली. हल्ली प्रार्थनेवाले प्रार्थनेवाल्यांच्या लाहेला जातात, जुने जुन्यांच्या. रूपलीबाईचं घर दोन्हींचं, म्हणून दोन्हीकडचे आले. पन्नास-साठ माणूस! कोणी बांबू आणले, कोणी कौलं. आढ्यासाठी सागाचं लाकूड आणलं ते एवढं जाड, की वीस जणांनी खांद्यावर घ्यावं तेव्हा हलेल.

खड्डे खणून झाले. पहिला खांब आणला. आणि पुजारा खात्या मोहाची बाटली घेऊन पुढे आला. पहिल्या खांबाच्या खड्ड्यात धार टाकायची, पूर्वजांची नावं घ्यायची, मगच खांब रोवायचा, अशी रीत.

तिकडून नवनीत म्हणाला, "थांब काका." हा प्रार्थना घ्यायचा, तरणाबांड, बोलायला गोड. "त्या खड्ड्यात दारू पडली तर आमच्यातलं कोणी खांबाला हात लावणार नाही."

"काबर रे? तुझ्या देवाला वास सोसत नही का?"

"माझ्या देवाचं सोड, तुझ्या देवाला सकाळी सकाळीच तहान लागते का?"

लोकं हसली. खात्यासुद्धा हसला, म्हणाला, "तहान देवाला नही, मला लागते. देवाचं फक्त नाव शे." पण बाटली काही त्यानं खाली ठेवली नाही.

नवनीत म्हणाला, "आधी आम्ही प्रार्थना करतो, मग काम."

"डोळे मिटून खांब रोवशील तर तो सीमाच्या चुलीत जाईल," खात्या म्हणाला, आणि पुन्हा हसू. मग मात्र कोणी तरी कोणाच्या बापाचं नाव काढलं आणि हसू गेलं. उमाकांत इकडून तिकडे, तिकडून इकडे, घामाघूम. ऊन डोक्यावर आलं. आढ्याचं लाकूड पडलेलं तसंच.

हेमकांत मास्तर तिथेच होते. तापीकाठच्या गावचे, आमच्या शाळेवर बारा वर्षं झाली, मन साफ, पण देव म्हटला की नाक मुरडायचे. ते रूपलीबाईशेजारी बसले नि म्हणाले, "मावशी, हाऊ धर्मच नसता ना, तर आतापर्यंत तुन्हं छप्पर चढी गयतं. माणसं साठ शेतस, लाकूड शे, खड्डा शे. मधमा फक्त देव उभा शे."

रूपलीबाईनं ते ऐकलं. तिला ते पटलं की काय कोण जाणे. ती उठली, पदर खोचला, माणसांच्या मधे गेली.

"धार नको," ती म्हणाली. "प्रार्थना पण नको. या घरात कोणाचाच देव नको. खांब घाला, माती लोटा, मला झोपायला जागा करा."

वाटलं होतं, आता कोणी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. खात्यानं बाटलीला बूच लावलं.

"रूपली," तो हळू म्हणाला, "लाहेला आधी देव येतो, मग माणूस. मी काही तुझ्यासाठी आलो नव्हतो बाई. तुझं माझं काय, गेल्या साली बांधाच्या तंट्यावरून आपण बोलत पण नव्हतो. आमशाच्या पूर्वजांचं काम, म्हणून आलो. तेच नको, तर मी इथे कोण?"

पहार खांद्यावर टाकली नि निघाला. रागानं नाही, जसं कोणी काम संपल्यावर निघतं तसं.

नवनीत अडखळला. "काकी, तू म्हणशील ते... पण आम्ही पण प्रभूच्या नावानं आलो होतो. बिनप्रार्थनेचं काम आम्हाला जमत नाही." आणि मागं वळून बघत तोही गेला. मग एक एक, एक एक. बांबू, कौलं तिथेच ठेवून गेले, ते परत कोणी मागितलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

राहिले उमाकांत, सीमा, मास्तर आणि रूपलीबाई. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "चल रे उमाकांत, आपण लावूत हात." चौघांनी आढ्याला हात घातला. ते बोटभर हललं नाही. मास्तरांच्या कमरेत मात्र चमक भरली.

आठ दिवसांनी उमाकांतनं नवापूरहून लोखंडी पाइप नि पत्रे आणले. त्याच्याबरोबर चार माणसं आली, वेल्डिंगचं यंत्र घेऊन. निळ्या ठिणग्या उडाल्या, पत्रे चढले, दिवस मावळायच्या आत घर उभं. ना कोणी नाव घेतलं, ना कोणी भांडलं. त्या चौघांनी डबे आणले होते, ते खाऊन गेले. त्यांची नावं पण घरात कोणाला माहीत नाहीत.

पाऊस लागला. घर गळत नव्हतं. मास्तर एकदा कमरेला पट्टा बांधून आले, वर बघितलं नि म्हणाले, "बघ मावशी, मी काय सांगेल होतं? ना देव, ना तंटा."

"हां," रूपलीबाई म्हणाली.

"बरं वाटस ना आता?"

तिनं वर पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मास्तर, तंटा नही, ते खरं शे. पण ते भांडायला तरी आले होते ना." मास्तर चहा पिऊन गेले.

भाताची लावणी आली. एके सकाळी खालच्या अंगाला माणसांचा गलका ऐकू आला. नवनीतच्या शेतात लाह होती. चार दिवसांनी खात्याकडे. जे घर लाह घेतं त्यालाच लाहेला बोलावतात. रूपलीबाईनं ना यांची घेतली, ना त्यांची, मग सांगावा कोण धाडणार? कोणाच्या मनात वैर नव्हतं. वाटेत भेटले की बोलायचे. फक्त सांगाव्याची घरं मोजताना तिचं घर सुटायचं. सीमाला रविवारी प्रार्थनेत जागा होती, पण लाहेला सांगावा घराला येतो, माणसाला नाही.

खात्याच्या लाहेच्या दिवशी सीमानं विचारलं, "आया, आपण न बोलावता गेलो तर? हाकलून थोडंच देतील?"

"नही देणार," रूपलीबाई म्हणाली. "भात पण वाढतील."

"मग जाऊ या ना."

रूपलीबाईनं पायात चपला घातल्या. दाराशी गेली. खालून गाणं येत होतं, बायका ओळीनं वाकलेल्या, गुडघाभर चिखलात, वरून दिसत होत्या. ती उंबऱ्यावर बसली. चपला तशाच पायात.

"तू जा," ती म्हणाली. "मी बघते इथून."

सीमा गेली नाही. तीही तिच्याजवळ बसली. पत्रा तापायला लागला होता.